चमच्यावर थांबेल इतकं घट्ट

मॅडम,

तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली, की तुमच्या वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीची मुलगी या वर्षी माझ्या वर्गात शिकायला आली आहे. परवाच्या प्रॅक्टिकलला तिने मुनग्याच्या, म्हणजे पुस्तकातल्या शेवग्याच्या, पाल्याची पावडर केली आणि जर्नलमध्ये लिहिलं, 'रंग छान हिरवा.' मी लाल पेन उचललं आणि तसंच हातात धरून बसले. समोर ती घाबरून उभी. तिला वाटलं असेल, मॅडम आता काहीतरी बोलणार. मला मात्र ब्रह्मपुरीच्या कॉलेजातली ती जुनी प्रयोगशाळा दिसत होती. कडप्प्याचे ओटे, गळका नळ, आणि ओट्यांच्या मधून मागे हात बांधून फिरणाऱ्या तुम्ही.

मीही तेव्हा असंच काहीतरी लिहिलं होतं. तुम्ही मागून येऊन ते साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं वाचलंत आणि म्हणालात, "छान म्हणजे काय? ही काय पाहुण्यांसमोर बसवायची आहे? पावडर दिसते कशी ते मला नको. ती करते काय ते लिही. पाणी धरते का सोडते, फुगते का तळाशी बसते, तेल किती पिते. कामावरून ओळख तिला." मुली हसल्या. मी आरमोरीच्या पलीकडच्या खेड्यातून आलेली. तोंड उघडलं की झाडी बोली बाहेर पडायची, म्हणून वर्गात शक्यतो गप्प बसणारी. मी नळावर जाऊन रडले. थोड्या वेळाने तुम्ही तिथे आलात. समजूत घालणं तुमच्या स्वभावात नव्हतंच. तुमच्या हातात काचेच्या दोन नळ्या होत्या. दोन्हीत पालकाची पावडर, दोन्ही पालक एकाच वाफ्यातले. एक तसाच गच्चीवर उन्हात वाळवलेला, दुसरा उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून काढून सावलीत वाळवलेला. तुम्ही दोन्हीत पाणी घातलंत आणि मला धरायला दिलंत. एकीतलं पाणी चिखलट झालं, वास सुक्या चाऱ्यासारखा. दुसरीतली पावडर हळूहळू पाणी ओढत गेली, सैल झाली, आणि नळीत पुन्हा पानाचा हिरवा रंग आला. "भाजी तीच आहे," तुम्ही म्हणालात. "आपण तिच्याशी कसं वागलो, एवढाच फरक." मी डोळे पुसत त्या नळ्यांकडे बघत राहिले. त्या दिवसापासून मला हा विषय आवडायला लागला, पण तुमची भीती मात्र राहिली, पुढची दोन वर्षं तरी.

पुढे शिकायला नागपूरला जायचं ठरलं तेव्हा पेढे घेऊन तुमच्या खोलीवर आले होते. तुम्ही पेढा बाजूला ठेवून कपाटातून एक चाळणी काढलीत. पितळी कड्याची, बारीक जाळीची, तुम्ही स्वतः वापरत होतात ती. वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "ही घे. लग्नात कोणी देणार नाही." मला हसावं की पाया पडावं कळेना. तुम्हाला पाया पडलेलं चालत नसे. मी नुसतीच उभी राहिले, आणि तुम्ही "गाडी चुकेल" म्हणून मला घालवून दिलंत.

मी शिकून ब्रह्मपुरीच्या त्याच कॉलेजात शिकवायला आले आणि तुम्ही त्यानंतर थोड्याच दिवसांत निवृत्त होऊन चंद्रपूरला तुमच्या धाकट्या भावाकडे राहायला गेलात. दिवाळीला फोन, एखादं कार्ड, एवढाच संबंध उरला होता. मग एका सकाळी तुमच्या भावाचा फोन आला. मॅडमला लकवा मारला, उजवी बाजू गेली, दवाखान्यातून घरी आणलं आहे, पण खाणं होत नाही. मी म्हटलं, येते. शनिवारी वर्ग लवकर सुटायचे. दुपारची गाडी पकडून नागभीड, सिंदेवाही, मूल करत चंद्रपूरला उतरले.

जुन्या शहरातलं, किल्ल्याच्या परकोटाच्या आतलं ते घर. वरच्या मजल्यावर तुमची खोली, खिडकीतून शेजारच्या विहाराचा पांढरा कळस दिसायचा. तुम्ही लोखंडी पलंगावर उशांना टेकून बसला होतात. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, केस कोणीतरी दुसऱ्याने विंचरलेले. मी समोर आले तेव्हा तुम्ही डाव्या हाताने पदर सारखा केलात. त्या एका हालचालीने मला रडू आलं आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. तिथे वहिनी, तुमच्या भावाच्या पत्नी, ओट्याशी उभ्या राहून आधीच रडत होत्या.

त्यांनी मला सगळं सांगितलं. तुमचा घसा नीट मिटत नव्हता. पाणी, चहा, वरणाचं पाणी, काहीही पातळ गेलं की ते अन्ननलिका सोडून श्वासाच्या वाटेला लागायचं, ठसका बसायचा, डोळे पांढरे व्हायचे. एकदा त्यातूनच छाती भरून दवाखान्यात न्यावं लागलं होतं, नाकातून नळी घातली होती. नळी काढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, सगळं मधासारखं घट्ट करून द्या, पुन्हा छाती भरली तर नळी कायमची. म्हणून वहिनी दुधात, चहात, वरणात, सगळ्यात कॉर्नफ्लोअर घालून शिजवायच्या. "पन बाई तोंडच उघडत नाई," त्या म्हणाल्या. "दोन चमचे खातेत अन मान फिरवतेत. मी तरी काय करू?" मी त्या वाटीतलं चाखलं. वरण होतं, पण चव डिंकाची होती.

मी परत तुमच्याजवळ आले आणि विचारलं, मॅडम, काय खावंसं वाटतं. तुम्हाला शब्द सापडायला वेळ लागायचा. तुम्ही खिडकीकडे बघत राहिलात आणि बऱ्याच वेळाने म्हणालात, "भाजी."

लकव्याने तुमची एक गंमत केली होती. वर्गातली ती घोटीव, स्वच्छ भाषा कुठेतरी गेली होती आणि घरची, लहानपणची बोली तेवढी शिल्लक राहिली होती. इतकी वर्षं मी तुमच्यासमोर 'मला' म्हणायला शिकले, आणि आता तुम्ही म्हणत होतात, "मले भाजी पाह्यजे." मलाही मग माझी बोली तोंडात आली. त्या खोलीत आपण दोघी पहिल्यांदा आपापल्या घरच्यासारख्या बोललो.

भाजी मिक्सरमधून काढून देऊन वहिनींनी पाहिलं होतं. पण वाटलेली भाजी वाटीत ठेवली की थोड्या वेळाने कडेने पाणी सुटतं, आणि तेच पाणी आधी घशात उतरतं. काहीतरी असं हवं होतं की जे पाणी धरून ठेवेल, सोडणार नाही, आणि ज्याला भाजीचीच चव असेल. परतीच्या गाडीत सिंदेवाहीच्या पुढचं जंगल मागे पळत होतं आणि मला तुमच्या प्रयोगशाळेतले प्रश्न एकामागून एक आठवत होते. पाणी धरते का सोडते. फुगते का तळाशी बसते. ते प्रश्न मी पुढे कितीतरी मुलींना घातले होते. ते कोणाच्या जिवाचे असू शकतात, हे मला त्या गाडीत समजलं.

सुरुवात कोहळ्यापासून केली. पुण्यामुंबईकडे ज्याला लाल भोपळा म्हणतात ते. वहिनींनी चंद्रपूरला गच्चीवर काप वाळत घातले होते, पण संध्याकाळपर्यंत वरचं पातळ कापड खाणींच्या कोळशाच्या धुळीने राखाडी झालं. म्हणून मी आईला गावी सांगितलं. तिने कोहळ्याचे आणि थोड्या रताळ्याचे पातळ काप करून बाजेवर उन्हात वाळवले. मी ते दळून, चाळून पुढच्या शनिवारी घेऊन आले. पावडर काय देखणी होती, हळदीला लाजवणारी. कोमट वरणात कालवली, चमचा भरला, तुमच्या तोंडाजवळ नेला. तुम्ही डावा हात वर केलात. "थांब."

मी थांबले. वाटी पलंगाच्या कडेला ठेवली. तुम्ही तिच्याकडे बघत राहिलात, म्हणून मीही बघत राहिले. हळूहळू पावडर खाली बसली आणि वर स्वच्छ पाणी आलं. तो चमचा तुमच्या घशात गेला असता तर काय झालं असतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्ही म्हणालात, "कच्चं हाये." आणि मग, अर्ध्या वाकड्या तोंडाने, अगदी तोंडी परीक्षेत कारण विचारावं तसं, "काऊन?"

मी परीक्षेतल्यासारखीच सरळ उभी राहिले. सांगितलं की मॅडम, उन्हात पाणी उडून गेलं, पण आतला स्टार्च शिजला नाही. कच्चा स्टार्च कोमट वरणात फुगत नाही, नुसता तळाशी बसतो. तुम्ही मान हलवलीत. "मंग?" मी म्हटलं, आधी वाफवायचं, मग वाळवायचं. एकदा वाफेवर फुगलेला स्टार्च वाळवून दळला, तर तो पुन्हा पाणी मिळताच न शिजवताही फुगतो. तुम्ही डोळे मिटलेत. तुमच्याकडे तोंडी परीक्षेत पास झाल्याची तीच खूण होती, वर्गात होती तशीच.

दुसऱ्या खेपेला कॉलेजच्या ड्रायरमध्ये वाळवलं. काप वाफवून जाळ्यांवर पसरले आणि शनिवारच्या आत व्हावं म्हणून आच वाढवली. काप बाहेरून कडक झाले, कडा तपकिरी पडल्या, पण आतला ओलावा आतच अडकला. दळल्यावर त्याचा रवा झाला, आणि तो रवा पाण्यात कितीही वेळ ठेवला तरी पुरता भिजेना. वासही जळक्या साखरेचा. तुम्ही अर्धा चमचा तोंडात घेतलात, जिभेने चाचपलंत आणि रुमालात काढून टाकलंत. "वाळू," म्हणालात. मग माझ्याकडे पाहून, "घाई." भाजीचं वागणं एवढ्या दोन शब्दांत सांगणारं दुसरं कोणी मला पुढे भेटलं नाही.

तिसऱ्या खेपेला काप अगदी पातळ केले, मंद आचेवर सावकाश वाळू दिले, थंड झाल्यावर दळले, आणि तुम्ही दिलेल्या त्या पितळी चाळणीतून चाळले. पावडर इतकी बारीक झाली की श्वासाने उडायची. मी ती वहिनींच्या ओट्यावर गरम वरणात टाकली आणि क्षणात गुठळ्या झाल्या. ती वाटी तुमच्यापुढे आणली, तशी तुम्ही पलंगावरून हात पुढे केलात, एक गुठळी बोटांत घेतलीत आणि चिरडलीत. बाहेरून चिकट, आत कोरडी पावडर तशीच. तुम्ही ते बोट माझ्यापुढे धरलंत. इतकी बारीक पावडर गरम पाण्यात पडली की तिचा वरचा थर लगेच फुगतो आणि आत पाण्याला वाटच उरत नाही. अशी गुठळी घशात अडकली असती. त्या संध्याकाळी मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी सोबतचे उरलेले काप दळून थोड्या मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून चाळले, पावडर आधी थोड्या गार पाण्यात सैल केली आणि मग वरणात सोडली, पिठल्याचं बेसन आपण सोडतो तशी. ते मिसळलं. गुठळी झाली नाही. वाटी कलती केली तर वरण एका अंगाने सावकाश सरकलं, आणि कडेला पाण्याचा थेंब सुटला नाही.

पण त्याला भाजीची चव नव्हती, कोहळ्याची गोडसर चव होती. तुम्ही मागितली होती भाजी. म्हणून त्या हिवाळ्यात आईकडून लाखोळीचा कोवळा पाला आणला. धानाच्या बांध्यांत, धान निघाल्यावर जी लाखोळी उगवते, तिची पानं आपल्याकडे वाळवून वर्षभर पुरवतात. नुसती वाळवलेली भाजी दोन महिन्यांत गवताच्या वासाची होते. म्हणून तुमच्या त्या दुसऱ्या नळीसारखं केलं. उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून, लगेच गार पाण्यात काढून, सावलीत वाळवलं. हिरवा रंग राहिला, वास राहिला. थोडं जीवनसत्त्व पाण्यात गेलं असणार, तेवढं मी जाऊ दिलं. कोहळ्याच्या पावडरीत ही चिमूटभर घातली, लसणाची फोडणी कापडातून गाळून तिचं तेल तेवढं वरून सोडलं, आणि एका शनिवारी तुमच्यासमोर वाटी धरली.

तो दिवस मला आता समोर घडताना दिसतो. वहिनी दारात उभ्या आहेत, पदराचं टोक मुठीत. तुमचा भाऊ जिन्याच्या तोंडाशी, वर यायची हिंमत होत नाही म्हणून. तुम्ही चमचा आधी स्वतःच्या डाव्या हातात घेता, कलता करता, ते चमच्यावर थांबलंय हे बघता आणि मला परत देता. मी चमचा तोंडात घालते. तुम्ही हनुवटी छातीकडे झुकवून गिळता, दवाखान्यात शिकवलं होतं तसं. आम्ही तिघं ठसक्याची वाट बघतो. खाली रस्त्यावरून ऑटो जातो. ठसका येत नाही. दुसरा चमचा. तिसरा. मग तुम्ही हाताने मला थांबवता आणि जीभ तोंडात फिरवून काहीतरी शोधत राहता. "लाखोळी," तुम्ही म्हणता. "लाखोळीची भाजी हाये न हे?" मी मान हलवते. तुमच्या डोळ्यांत पाणी येतं आणि ते पुसायच्या आधी तुम्ही म्हणता, "मीठ कमी हाये."

वहिनी आत जाऊन मीठ घेऊन आल्या. तुमचा भाऊ जिन्यावरच खाली बसला होता.

त्यानंतर मी दर शनिवारी येऊ लागले. येताना दोन-तीन छोट्या बरण्या आणायची. मोठी बरणी उघडली की कोहळ्याची पावडर हवेतलं पाणी ओढून आठवड्यात दगड होते, पावसाळ्यात तर दोन दिवसांत. कोहळ्यात साखर असते ना, ती गप्प बसत नाही. मुनग्याचा पाला आणून पाहिला, तो तुम्हाला कडू लागला. अंबाडी आवडली, पण आंबट तोंडात आलं की लाळ सुटते आणि लाळेनेच ठसका लागायचा, म्हणून ती अगदी नावापुरती. तुमचे गाल थोडे भरले. बोलणं सुधारलं, निदान मला तरी सगळं कळायला लागलं.

मी मात्र तेव्हा वेगळ्याच तंद्रीत होते. तुमच्या पलंगाशी पेन घेऊन बसायची. किती चमचे, कितीदा खोकला, कोणती पावडर, किती घट्ट. तुम्ही एक चमचा गिळलात की मी खाली मान घालून लिहायची. असे दोन-तीन शनिवार गेले. एका दुपारी तुम्ही चौथ्या चमच्याला तोंड मिटून घेतलंत. मला वाटलं चव बिघडली. मी विचारलं, काय झालं मॅडम, घट्ट झालं का? तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहिलंत. राग आला की तुम्ही असंच पाहायचात, वर्गातही. मग एकेक शब्द नीट जुळवत म्हणालात,

"पेन ठेव. मी काई तुही टेस्ट ट्यूब नाई. दुसरी वाटी आन, अन जेव माह्यासंग."

मी पेन ठेवलं. वहिनींनी माझ्यासाठी पोळी वाढायला घेतली तर तुम्ही मानेने नाही म्हणालात. तेच खायचं, तुमच्या वाटीतलं. मी तुमच्या समोर वेताच्या मोढ्यावर बसून तीच घट्ट, पिवळी-हिरवी भाजी चमच्याने खाल्ली. दात लावायला काही नाही, कुठे थांबायचं ते कळत नाही, घास कुठे संपतो ते कळत नाही. मी आजवर ती चमच्याच्या टोकावर चाखली होती, अख्खी वाटी खाल्ली नव्हती. तुमचा एक चमचा, माझा एक चमचा. मध्येच तुम्ही विचारलंत, आई बरी आहे का. मी आईच्या गुडघ्याचं सांगितलं. मग बांधावरच्या भांडणाचं सांगितलं, मग कॉलेजातल्या नव्या प्राचार्यांची नक्कल करून दाखवली. तुम्ही हसलात, आणि हसताना तोंडात घास नको म्हणून मी घाबरून चमचा मागे घेतला, त्यावर आणखी हसलात. त्या दिवशी तुम्ही वाटी संपवलीत. इतके शनिवार मी घट्टपणा मोजत होते, आणि तुम्हाला एकटीला जेवण जात नव्हतं, एवढंच होतं.

पुढच्या उन्हाळ्याआधी तुमचा भाऊ तुम्हाला गाडीत बसवून एकदा ब्रह्मपुरीला घेऊन आला. तुम्हाला प्रयोगशाळेत खुर्ची दिली. मुली ओट्यांवर पावडरी कालवत होत्या. एकीच्या वाटीत तुम्ही बोट बुडवलंत आणि विचारलंत, हे काय करते? तुमचे शब्द तिला कळले नाहीत, ती माझ्याकडे बघायला लागली. मी सांगायला तोंड उघडलं तर तुम्ही हाताने मला गप्प केलंत आणि तोच प्रश्न तिला पुन्हा विचारलात, सावकाश. तिसऱ्यांदा तिला कळलं. तिने उत्तर दिलं, चुकीचं दिलं, आणि तुमचा चेहरा असा उजळला की जणू इतक्या महिन्यांत कोणी तुम्हाला एवढी मोठी भेट दिली नव्हती. मग तुम्ही तिला बरोबर उत्तर शोधायला लावलंत. गाडी निघायला चांगलाच उशीर झाला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. सकाळी तुमच्या भावाचा फोन आला तेव्हा मी ड्रायरच्या जाळ्या धूत होते. तो रडत नव्हता. म्हणाला, झोपेतच गेली, डॉक्टर म्हणाले हृदय थकलं होतं. आणि मग, मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, "छाती साफ होती. शेवटपर्यंत साफ होती. नळी टाकायचं काम पडलं नाई." दुसरं काही म्हणाला असता तर मला सहन झालं असतं की नाही, माहीत नाही. मी चंद्रपूरला पोहोचले तेव्हा विहारातून वंदना ऐकू येत होती. घरात माणसं होती. वहिनींनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि आम्ही दोघी ओट्याला टेकून खाली बसलो. आदल्या सकाळी वाटीभर खाल्लं होतं, त्यांनी सांगितलं, मीठ कमी आहे म्हणून कुरकुरही केली होती.

आता गडचिरोलीकडच्या गावांतल्या बायका बचत गटात ही पावडर करतात. महिन्यातून एकदा मी त्यांच्याकडे जाते. काप किती पातळ, वाफ किती, आच किती, पाल्याला पाणी कधी दाखवायचं, हे आता त्यांना माझ्यासारखंच येतं. बाळांच्या खाऊसाठी करतात, म्हाताऱ्यांसाठी करतात. गेल्या आठवड्यात कोरपन्याहून एक बाई तिथे आली होती. सासऱ्यांना लकवा, नळी नुकतीच काढलेली. दोन गाड्या बदलून आली होती, कापूस वेचणी सोडून. मी तिला सगळं करून दाखवलं. चमचा कसा कलता करायचा, गार पाण्यात आधी सैल कसं करायचं, पहिला घास देताना हनुवटी कुठे हवी, आणि तिथल्या दवाखान्यात विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही. तिने सगळं नीट ऐकलं. निघताना मात्र दारात थांबून विचारलं, "मॅडम, त्याईले चव समजंल का?" मी तिला सांगितलं, समजेल. घरचीच भाजी वाळवा, त्यांनी लहानपणी खाल्लेली. आणि तुम्हीही एक वाटी घेऊन समोर बसा. ती थोडी लाजली, सासऱ्यांसमोर बसून कधी जेवली नव्हती म्हणाली. मग म्हणाली, बसते.

तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटत होतं. आज शनिवार आहे, कॉलेज लवकर सुटलं, म्हणून लिहायला बसले. हे कुठे पाठवायचं नाही, हे मला माहीत आहे. चंद्रपूरच्या त्या घरात आता तुमच्या भावाची मुलं राहतात. त्यांना हे वाचून काय करायचं? टेबलाच्या खणात राहील.

एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. पावडर तेव्हा लवकरच जमली होती, मॅडम. त्या उन्हाळ्याच्या आधीच. वहिनींना सगळं करता येत होतं, माझ्यापेक्षा नीट येत होतं, आणि त्यात सुधारण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझं येण्याचं कारण संपलं होतं. आणि तुमच्याकडे कारणाशिवाय येऊन बसायचं कसं, हे मला माहीत नव्हतं. कारणाशिवाय कोणी तुमच्या खोलीत कधी आलेलंच मी पाहिलं नव्हतं. म्हणून मी दर शनिवारी दोन वाट्या तुमच्यापुढे ठेवायची. म्हणायची, ही जरा जास्त वाफवलेली आहे, ही कमी, सांगा कोणती बरी. दोन्ही एकाच बरणीतल्या असायच्या. तुम्ही दोन्ही चाखायचात, डोळे मिटून विचार करायचात, आणि एक निवडायचात. कधी डावीकडची, कधी उजवीकडची. कारणही द्यायचात, ही जिभेला जड लागते, ती लवकर सुटते. आणि मग म्हणायचात, अजून नाई जमलं, पुढच्या शनिवारी परत करून आन.

त्या दोन वाट्यांत काहीच फरक नाही हे तुम्हाला कळलं नसेल, यावर माझा आजही विश्वास बसत नाही.